ओट्यावरचा पेला

शेजारचे सईदचाचा आखातातून कायमचे परत आले आणि माझी सकाळची झोप गेली. पहाटेची नमाज झाली रे झाली की त्यांचा मिक्सर सुरू. मी चिडून खिडकी आपटून लावायची आणि लगेच पुन्हा उघडायची. खिडकी लावल्यावर तिकडे काय चाललंय ते दिसणार कसं?

रोह्यात आमचं घर आणि त्यांचं घर पाठीला पाठ लावून आहे. मध्ये लहानसं परसू, त्यात एक शेवगा. मी ब्लाउज शिवते, आणि माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून ताजुन्निसाचाचीचा स्वयंपाकाचा ओटा थेट दिसतो. तिच्या घरात काय शिजतंय ते तिच्याआधी मला कळतं, असं चाची म्हणते. खोटं नाही ते.

चाचा ऐन विशीत गेले ते साठीला टेकल्यावर परतले. मधल्या सगळ्या काळात दोन वर्षांतून एकदा सुट्टी. नवऱ्याला कालवणात तिखट किती लागतं हे चाचीला उमगेपर्यंत सुट्टी संपायची. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मुलगा सलमान मोठा झाला, तोही तिकडेच नोकरीला लागला. गल्लीत सगळे 'सईदभाई कंपनीत आहेत' म्हणायचे. खरं तर, हे आम्हाला फार नंतर कळलं, एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर ज्यूसचं काउंटर होतं, तिथे ते उभे असायचे. पण काय करता, कसं करता, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बोलण्याचा भारी कंटाळा त्या माणसाला. मला असल्या माणसांचा राग येतो. तोंड दिलंय देवाने, वापरावं की.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात चाची नळावर चक्कर येऊन मटकन खाली बसली. चाचांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, पालेभाज्या खा, फळं खा, असं डॉक्टरने सांगितलं. चाचीने घरी येऊन गोळ्या फ्रीजवर ठेवल्या आणि पालेभाजी केली ती सगळी चाचांच्या ताटात वाढली. स्वतः खाल्ली डाळभात. बायकांचं हे असंच, सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो मिक्सर सुरू झाला.

चाचा बाजारातून पालक आणायचे. देठ खुडून पानं थंड पाण्यात घालायचे. आधी नुसती पानं आणि थोडं पाणी फिरवायचं. पानाचा नखाएवढा दोरा राहता कामा नये. मग केळं, पुदिन्याची चार पानं, आणि शेवटी करवंदं. डोंगरावरून उतरलेल्या बायका पानाच्या द्रोणात घेऊन बसतात ना, ती काळीभोर. ती धुऊन, चीक काढून, एकेक फोडून बी काढायची. एवढी मेहनत मी लग्नाच्या ब्लाउजवरही करत नाही.

आता मी पेणची. माझे वडील, महिपती, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करायचे. हिरव्यात जांभळा गेला की काय होतं ते मला शिकवायला नको. चिखल होतो. तसाच चिखल त्या भांड्यात व्हायचा.

चाचा तो चिखल काचेच्या पेल्यात काठोकाठ ओतायचे. पेल्याखाली पांढरा कागदी रुमाल. पेला ओट्याच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवायचे, आणि लगेच पाठ फिरवून स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसत बसायचे. मग मिक्सरच्या भांड्याला तळाशी जे काही चिकटलं असेल त्यात पाणी घालायचे, खळखळून हलवायचे आणि उभ्या उभ्या पिऊन टाकायचे. चपला घालून बाहेर. भरलेला पेला तसाच ओट्यावर.

"नूतन, मला तू सांग गो," चाची परसात येऊन खिडकीखाली उभी राहिली. "येवढं निगुतीनं करायचं, भरलेला पेला ठेवून द्यायचा, आन आपण धुवण प्यायचं? ह्ये काय हाय?"

"विचारायचं ना त्यांना."

"इचारलं. तुमाला नको का, म्हटलं. तर म्हनतात, माझं झालं. मग ह्ये? तर म्हनतात, ऱ्हाऊ दे."

"मग?"

"मग काय, ऱ्हाऊ दिलं. संध्याकाळपातुर काळं पडलं. ओतलं शेवग्याला."

तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हटलं. होईल बंद. पण कसलं बंद? रोज मिक्सर, रोज पेला, रोज शेवगा. आणि गंमत म्हणजे रोज त्या पेल्यात काहीतरी नवं. कधी खजूर पडायचा, कधी शहाळ्याचं पाणी. जांभळं बाजारात आली तशी करवंदं गेली आणि जांभळं आली. मग एके दिवशी चाचांनी पालक वेगळा फिरवला आणि जांभळं वेगळी. पेल्यात खाली हिरवं, वर जांभळं, मध्ये रेघ मारल्यासारखी सरळ कड. मी मशीन थांबवून बघत राहिले. माझ्या वडिलांनी हात जोडले असते. तोही पेला शेवग्याच्या मुळाशी गेला.

चाची अगदी गोंधळून गेली होती. "रातीला पेला धुतलेला दिसला की खूश व्हतात गो! फेकलेलं बघून खूश व्हनारा मानूस मी पयलाच बघते. डोक्यात कायतरी झालंय का?"

मी तिला धीर दिला, पण मलाही काही समजत नव्हतं. नवस म्हणावा, तर त्यांच्यात असला नवस मी ऐकला नव्हता. नजर काढतात म्हणावं, तर जांभळाने कुणी नजर काढतं?

मग तिच्या जाऊबाईने, रुखसारने, आपलं डोकं चालवलं. ती चहाला आली होती. पेल्याकडे बघून म्हणाली, "भाभी, राग नका मानू. तिकडं कुनीतरी असंल, जिला रोज पेला करून द्यायची सवय. हात सवयीनं करतो. पिनारी तिकडंच ऱ्हायली."

रुखसार चहा पिऊन गेली. चाचीचा चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून चाची मुकी झाली. चाचा आधीच मुके. दोन मुकी माणसं एका घरात आणि मध्ये एक हिरवा पेला. चाची फक्त माझ्याशी बोलायची, तेही हळू. "या मानसाला घर रुचत नाय, नूतन. तिकडून आनलेल्या बॅगेची दोरी अजून सोडली नाय. कपाटावर तशीच बांधलेली हाय. एक दिवस उठंल नि जाईल परत. आन या खेपेला गेला तर मी कुनाची वाट बघायची? आता वय ऱ्हायलंय का वाट बघायचं?" सांगताना तिचे डोळे भरून आले. मी आपली काजं करत बसले.

आणि तसंच व्हायची वेळ आली. चाचा एकदा छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. चाची तेव्हा शेवग्याखाली उभी राहून पेला पालथा करत होती. चाचा परसाच्या दारात थबकले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, झाडाच्या बुंध्याशी साचलेल्या हिरव्या डागाकडे पाहिलं, आणि छत्री न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिक्सर वाजला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. इतके दिवस मी त्या आवाजाला शिव्या देत होते, आणि आता तो नाही म्हणून मला जाग यायला लागली. मग चाची धापा टाकत आली. बॅग कपाटावरून खाली आली होती. चाचा ती ओल्या फडक्याने पुसत होते, आणि सलमानला फोन करून म्हणाले होते, "तिकडं कुठं काम हाय का बघ."

माझं डोकं फिरलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पण त्या दिवशी लपवलं. सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, मला हल्ली फार थकवा येतो. ते तुमचं हिरवं करून द्या ना."

चाचांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना घडाघडा बोलताना ऐकलं. "साखर हाय का तुला? पित्त व्हतं? बर्फ चालंल? आंबट आवडतं का गोड?" मी उत्तरं देईपर्यंत पालक पाण्यात पडलासुद्धा. जांभळं निवडली, गर काढला, पानं फिरवली, बोटांत घेऊन दोरा लागतो का पाहिलं, पुन्हा फिरवली. हात असे चालत होते की बघत राहावं. चाची तांदूळ पाखडायचं सूप घेऊन दारात उभी होती. आत येईना, बाहेर जाईना.

पेला भरला, तळाला हिरवं, वर जांभळं. खाली कागदी रुमाल. पेला माझ्यापुढे सरकला, आणि चाचांनी पाठ फिरवून ओटा पुसायला घेतला.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"ज्याच्या पुढ्यात ठेवलं त्याचं," ते पाठमोरेच म्हणाले.

"मग पाठ कशाला फिरवलीत?"

"तोंडाकडं बघत ऱ्हायलं तर गिऱ्हाइकाला घोट उतरत नाय. आजारी मानसं असायची आमच्याकडं. कुनाला कडू लागायचं, कुनी रडायचं. पेला ठेवायचा, आपन आपलं पुसत ऱ्हायचं. परत वळलो की रिकामा पेला असायचा. मग समजायचं, उतरलं."

"आणि भांड्यातलं धुवण?"

"त्यो आमचा नाश्ता. भरलेला पेला गिऱ्हाइकाचा, तळ आमचा."

मी दाराकडे पाहिलं. चाचीच्या हातातलं सूप कलंडलं होतं, तांदूळ फरशीवर सांडत होते.

"चाचा," मी म्हटलं, "रोजचा तो पेला चाचीचा होता?"

फडकं थांबलं. "डॉक्टर बोलला ना, पाला खा, फळं खा. तिच्यासारक्या कितीतरी बायांना करून दिलं मी तिकडं. ती जेवताना सगळं मला वाढती. म्हटलं, निदान ह्ये पिईल. पेला धुतलेला दिसायचा, मला वाटलं पिती. कंटाळू नये म्हणून रोज बदलत गेलो."

"अहो, मग सांगायचं ना तिला! बायको आहे ती, गिऱ्हाईक नाही!"

चाचांनी फडकं पिळलं. "गिऱ्हाइकाला पेला द्यायला येतो मला," ते म्हणाले. "बायकोला कधी दिला नाय. दोन म्हयन्यांच्या सुट्टीत तीच देत व्हती सगळं."

मला रडू आलं, कशाला लपवा? मी माझा पेला उचललाच नाही. तो कागदी रुमालासकट चाचीपुढे सरकवला. चाचांनी ते बघितलं आणि सवयीने पुन्हा पाठ फिरवली.

"इकडं तोंड करा," चाची म्हणाली. आवाज कापत होता, पण हुकूम होता तो. "मी काय गिऱ्हाईक हाय?"

चाचा वळले. हातातल्या फडक्याचं काय करावं ते त्यांना कळेना. आपल्या हातचं कुणी पिताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता कुठे बघावं हेही त्यांना सुचत नव्हतं. चाचीने एक घोट घेतला. नाक मुरडलं. दुसरा घेतला. वरच्या ओठावर जांभळी मिशी उमटली. मग एका दमात पेला तळापर्यंत रिकामा करून तिने तो ओट्यावर ठेवला.

"उद्या आंबट कमी घाला," ती म्हणाली. "आन दोन पेले करायचे. धुवण प्यायचं बंद."

तेवढ्यात फोन वाजला. सलमानचा होता. चाचांनी तो कानाला लावला. पलीकडून पोरगा काहीतरी उत्साहाने सांगत होता, बहुतेक काम मिळाल्याचंच. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची नजर मात्र चाचीच्या ओठावरच्या त्या जांभळ्या मिशीवरून हलली नव्हती.

"नको, बाळा," ते म्हणाले. "हितं गिऱ्हाईक हाय."