कॅप्टनचं वाकणं

दसऱ्याच्या दिवशी मी एका गोऱ्या पेशंटच्या पाया पडले. ठरवून नाही हो. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून दरवर्षी मी गम ट्रीची, म्हणजे निलगिरीची, पानं तोडून पर्समध्ये टाकते आणि भेटेल त्याला सोनं म्हणून देते. गावात खरं सोनं निघतं, त्याच खाणीत माझा नवरा इंजिनियर आहे, आणि बायको पानं वाटत फिरते. त्या दिवशी होम व्हिजिटला गेले, म्हाताऱ्याच्या हातात पान ठेवलं आणि लहानपणापासूनची सवय, वाकलेच. तो घाबरला. त्याला वाटलं मला चक्कर आली.

मी फिजिओ. तो नव्वदीला टेकलेला, एकटा, मांडीचा सांधा बदललेला. तरुणपणी ब्रिटिश फौजेचा अधिकारी म्हणून आफ्रिकेत, तेव्हाच्या टांगानिकात होता. तिथलं राज्य संपलं तसा इकडे खाणीत नोकरीला आला आणि इथेच राहिला. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, मीही. पण मनाने तो इथे नव्हताच. खिडकीबाहेरची लाल माती बघून म्हणायचा, "आमची माती याहून लाल." आमची म्हणे! ती तुमची कधी झाली, असं मी एकदा सुनावलंसुद्धा. "नव्हतीच," तो म्हणाला, "म्हणून तर सुटत नाही." मिरजेची आठवण काढताना 'आमची मिरज' म्हणायला मला निदान कुणाची परवानगी लागत नाही.

तर पाया का पडलीस, असं त्याने विचारलं. मोठ्यांच्या पडतात, म्हटलं, ज्यांच्याकडून काही मिळालं त्यांच्या पडतात. तो ते पान हातात फिरवत बसून राहिला. मग सांगायला लागला.

विशीतला लेफ्टनंट होता तेव्हा. बाजारात जमाव चिडलेला, दगड येत होते. याने गोळीबाराचा हुकूम द्यायला तोंड उघडलं. मागे त्याचा आफ्रिकन सार्जंट उभा होता, वयाने याच्यापेक्षा थोडाच मोठा. तो हळूच म्हणाला, "साहेब, थांबा. ते घरी निघालेत." हा थांबला, आणि काही वेळाने जमाव खरंच पांगला. शाबासकी साहेबाला मिळाली, पुढे बढतीही. सार्जंट सार्जंटच राहिला. याने त्याला साधं थँक यूसुद्धा म्हटलं नव्हतं.

मला राग आला, खरं सांगते. माझ्या आजोबांच्या पाठीवर अशाच एका साहेबाच्या हुकुमाने लाठ्या पडल्या होत्या, आणि त्या साहेबाच्या मागे थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. हे मी कॅप्टनच्या तोंडावर सांगितलं. त्याने निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो सार्जंट जिवंत आहे. तिकडे जाऊन त्याच्यासमोर मला असं करायचंय. मला वाकायला शिकव."

झालं, माझ्या डोक्याला नवा ताप. सांधा बदलल्यापासून भीतीने त्याने वाकणंच सोडलेलं. सर्जनला विचारलं, तो म्हणाला, सावकाश करा. त्याची पर्थची मुलगी फोनवर माझ्यावरच उखडली, "डॅडला कशाला नादी लावतेस?" मी कोण नादी लावणार! आधी हात गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत, आणि तिथे कितीतरी दिवस घोडं अडलेलं. मी मराठीत आकडे मोजायचे, तो तिकडच्या स्वाहिलीत. माझ्या पायांवर सराव कर म्हटलं तर चक्क नाही म्हणाला. खुर्चीसमोर रिकामे बूट ठेवायचा आणि त्यांच्यापुढे वाकायचा.

दर रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, त्याचा आणि सार्जंटचा व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे सार्जंटची नात फोन धरायची. दोघे म्हातारे स्वाहिलीत काय खिदळायचे! वाकण्याचं मात्र याने तिकडे कळू दिलं नाही. ऑगस्टचं तिकीट काढलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याची बोटं बुटांच्या टोकाला लागली. वर येऊन माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच रडू फुटलं.

जुलैत इकडे थंडी, त्यात त्याच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलमध्ये भेटले तेव्हा एवढंच म्हणाला, "त्याला कळवू नकोस. काळजी करेल." त्याने आठवडाही काढला नाही.

मुलगी आली, सगळं तिनेच केलं. पण रविवारी फोन माझ्या हातात दिला. "मला नाही जमणार. तू सांग."

सार्जंट कोट घालून बसला होता. मी सांगितलं, नातीने त्याला स्वाहिलीत सांगितलं. मग मी वाकण्याचंही सांगितलं, बुटांसकट सगळं. ते सांगताना नात अडखळली. त्याने तोंडावर हात धरला आणि काहीतरी पुटपुटला.

नात म्हणाली, "आजोबा म्हणतात, घरी कुणीच निघालं नव्हतं. ते खोटं बोलले होते. त्या गर्दीत त्यांचा धाकटा भाऊ होता."

हे ऐकायला माझा म्हातारा हवा होता. इतका हवा होता की काय सांगू! मी नातीला म्हटलं, "जरा फोन खाली धर, त्यांचे पाय दिसू देत." इकडे मी फोन जमिनीवर, रिकाम्या खुर्चीला टेकवून ठेवला. पडद्यावर दोन सुरकुतलेले अनवाणी पाय दिसले. कॅप्टनच्या वाटणीचं मी वाकले आणि डोकं टेकवलं. पलीकडून म्हातारा पुरे, पुरे असं काहीतरी म्हणत होता, पण मला उठवेना.