शिकलेला मुकादम

सरकारी काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे सुरक्षेच्या वर्गात शिकलेला मुकादम असलाच पाहिजे, असा नियम झाला आणि काकांचं नशीब उघडलं. कामाचा माणूस वर्गात अडकवणं ठेकेदारांच्या जिवावर येई, म्हणून ते रिटायर झालेल्या काकांना पैसे देऊन पाठवत. आज या कंपनीचे मुकादम, पुढच्या महिन्यात त्या. शिकवणाऱ्या सरांनाही सगळं ठाऊक होतं. "काय काका, आज कुणाकडून?" असं ते हसून विचारत. लोक निदान पाट्या तरी टाकतात. काका मागच्या बाकावर पंख्याखाली खुशाल घोरत. घरी मात्र सांगितलेलं, आपण सल्लागार आहोत.

लेक-जावई काकांकडेच राहत. जावई बरेच दिवस घरी बसून होते. अखेर त्यांना गटाराच्या टाक्या साफ करायचं काम लागलं. लेकीचा चेहरा खुलला. ठेकेदाराचं नाव ऐकलं आणि काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आत विषारी वायू असतो म्हणे," लेक डबा भरताना म्हणाली.

"अगं, आमच्याकडे शिकलेला मुकादम आहे. त्यानं तपासल्याशिवाय कुणी उतरत नाही," जावई म्हणाले.

"पाहिलात त्याला?" काकांनी विचारलं.

"अजून नाही. आज येईल की टाकीवर."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. इतकी भीती त्यांना स्वतःच्या मरणाचीही कधी वाटली नव्हती.

"जावईबापू, जाऊ नका. तो मुकादम मीच आहे."

लेक हसली. मग बापाचा चेहरा बघून तिचं डबा भरणं थांबलं. जावयांनी हातातला बूट खाली ठेवला.

"म्हणजे टाकीवर कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मामा, पहिल्याच दिवशी दांडी मारली तर उद्या मला दारात कोण उभं करेल? पण तुम्ही शिकलात ना? मग मला सांगा. उतरायच्या आधी काय बघायचं?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांना पंखा आठवला, चहा आठवला, सरांचा निळा शर्ट आठवला.

"झाकण... झाकण उघडून थोडं थांबायचं."

"किती वेळ? आणि मग कळणार कसं?"

हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी जावयाचा हात धरला. जावयांनी तो हळूच सोडवून घेतला आणि बूट घातले.

"येतो," ते म्हणाले.

गाडी गेली. लेक अजून बापाच्या तोंडाकडेच बघत होती.