कोऱ्या भिंतीवरचा हत्ती

लेक सकाळी साडेनऊले नात माह्या दारात सोडते आन् कचेरीत जाते. जावई नोकरीपायी बाहेरगावी. माही बायको असती तं गोष्ट येगळी होती. आता पोरगी मलेच सांभाळा लागते. साडेतीन वर्साची आहे, पन काय सांगू बाप्पा, घडीभर टेकू देत नाही! खाली वाकलो का कंबर धरते, वर उठलो का गुडघा बोंबलते. दुपारपर्यंत जीव मेटाकुटीले येते.

म्या जल्मभर लग्नाच्या भिंती रंगवल्या. आमच्या इकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गनपती, केळीचे खांब, दोन बाजूले दोन हत्ती काढायचे आन् मधात नवरा-नवरीचं नाव लिहायचं, हे पेंटरचं काम. आता फ्लेक्स आले. तवा मातर उन्हाळाभर मले जेवाले सवड नसे.

लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी म्या डोनगावात एका व्यापाऱ्याच्या पोरीची भिंत करून राह्यलो होतो. वाटलं, घरची भिंत काय, आपलीच आहे, सांजले येऊन काढू. आलो तं हळद लागून गेलती, मांडव पाहुन्यांनं भरला होता, आन् भिंत कोरी! ब्रश घेतला तशी लेक म्हने, "राहू द्या बाबा, दमले तुमी." मंग मायपाशी जाऊन रडली, "लोकाईच्या पोरीले हत्ती, आन् मलेच काऊन नाही?" म्या दाराआडून आयकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भिंतीले मंग कधी हातच लावला नाही. कोन्या तोंडानं लावू?

परवा दुपारी नात हट्टाले पेटली, "आबा, हत्ती काढ न!" मनात आलं, काढूनच टाकू आज. लेक संध्याकाळी येईन, पाहीन, तिले समजीन. गेरू कालवला. उभं राहवत नव्हतं म्हनून बसूनच काढाले घेतला. एका दमात सोंड ओढनारा मानूस मी! आता ब्रश टेकवला का हात थरथरे. सोंड पायापाशी गेली, एक कान लहान, एक मोठा. दोनदा पुसला. नात तं गेरूतच हात घालून बसली. तिसऱ्यांदा पुसायचा जीव राह्यला नाही. लेकीचं नाव वर लिहायचं होतं, पन खांदाच उचलेना. म्या ब्रश खाली ठेवला.

सांजले लेक आली आन् भिंतीपाशी थबकली. ती वाकली, सोंडेवरून बोट फिरवलं, पोरीचे लाल हात पाह्यले आन् तिले उचलून पटापट मुके घेतले.

"बाबा, पाह्यलं का? हत्ती काढला हिनं! तुमचाच हात आला हो हिले."

म्या माहे हात पंच्यात लपवले.

"हाव," म्हनलं, "लय हुशार आहे पोरगी."