जाळीतून दिलेला पापड

मधुभाभी म्हणजे आमची उल्हासनगरची सिंधी शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या घरात कुणीही टेकलं की आधी पापड आणि पाणी, बोलणं मग. माझ्या भावाची मुलगी पायल रांगत तिच्या उंबऱ्यावर जायची, तर भाभी त्या एवढ्याशा पोरीलाही ताटलीत पापड नि ग्लासात पाणी द्यायची. "मेहमान आयी है," म्हणायची.

पायलला डाउन सिंड्रोम. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. चाळीतल्या बाया मला तोंडावर विचारायच्या, "चांगुणाताई, हिचं पुढं कसं व्हायचं?" मी तोंडाची फाटकी. "तुझं कसं होतंय ते बघ आधी," असं सुनवायची आणि घरात येऊन रडायची. भाभीनं मात्र कधी विचारलं नाही. पायलच्या डोक्यात ते पापड-पाणी असं बसलं, की मीटर बघायला आलेला माणूससुद्धा आमच्याकडून पापड खाऊनच जायचा. काय दिवस होते ते! आता ती चाळ पाडली, भाभी मुलाकडे पुण्याला गेली. पापडाचा वास आला की मला अजून तिकडंच जावंसं वाटतं.

भाऊ आणि वहिनी शीला बदलापूरला, शिरगावात राहायला गेले. दोघंही नोकरीवर. पायल शाळेच्या वर्कशॉपमध्ये कागदी पिशव्या करते, दुपारी घरी येते. म्हणून मी रोज उल्हासनगरहून जाऊन तिच्यापाशी बसायची. माझं लग्न जमलं नाही ते नाहीच. मला जे काय होतं ते ही पोर.

तिला अठरावं लागलं आणि शीला म्हणाली, "ताई, सोमवारपासून ती एकटी राहील. तुम्ही दगदग करू नका."

"आणि गॅस? आणि कुणी गोड बोललं की दार उघडेल ती."

"शिकवलंय मी. एकदा जरी चुकली तर तुम्हालाच बोलावते."

म्हटलं, बघूच. आणि सोमवारी गेलेच.

बेल वाजवली. आतलं लाकडी दार उघडलं, बाहेरचं सेफ्टी डोअर बंदच. जाळीतून पायल दिसली.

"जयभीम, आत्या."

"जयभीम. उघड."

"आई नाही घरात. कोणालाच नाही उघडायचं."

"अगं, मी काय कोणी आहे? तुझं हगणं-मुतणं काढलंय मी."

तिनं थोडा विचार केला. "कोणालाच नाही," म्हणाली.

पाय दुखतात म्हणून झालं, चक्कर येते म्हणून झालं. ढिम्म हलली नाही. शेवटी माझा पारा चढला. "लई शहाणी झालीस का गं?"

"हो," म्हणाली आणि आत गेली.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तेवढ्यात लायटरची टिकटिक ऐकू आली. मी ताडकन उठले. जाळी धरून ओरडले, "पायल, गॅस बंद कर!" पापड भाजल्याचा वास आला, आणि मग बटण बंद केल्याचा आवाज.

चिमट्यात पापड धरून ती आली. अख्खा पापड जाळीतून जाईना, तर मोडून एकेक तुकडा दिला. ग्लास जाईना, तशी परत आत गेली. स्ट्रॉ घेऊन आली, ग्लास आतून धरला आणि स्ट्रॉचं टोक जाळीतून माझ्याकडं केलं. मी वाकून पाणी प्यायले. पापड कुठंही करपला नव्हता.

मग ती स्टूल ओढून दाराच्या आतल्या बाजूला बसली. "और सुनाओ," भाभीच्याच ठेक्यात म्हणाली, "घर में सब ठीक?"

घरी मी एकटीच, हे तिला ठाऊक होतं. पण पाहुण्याला असंच विचारायचं असतं.

"सब ठीक," म्हटलं. रडू काही आवरेना, आणि ते कशाचं हेही मला धड कळेना. पोरीनं रीत ठेवली याचा आनंद होता, आणि पाहुणी मी झाले होते.

शीला आली तेव्हा मी पायरीवरच होते, पदरात पापडाचा चुरा. "ताई, तुम्ही? आणि बाहेर?"

"तुझ्या लेकीनं घेतलं नाही आत," म्हटलं. "मला बोलवायची गरज नाही तुला."

शीलानं चावीनं दार उघडलं. मी मात्र आत गेले नाही, उशीर झाला म्हणून निघाले. अर्धा जिना उतरले तशी वरून पायलची हाक आली.

"आत्या, उद्या नको. रविवारी ये. रविवारी आई असते, मी दार उघडीन."

"येते हं," म्हटलं.