भिंतीवरचं खाचर

गोमाला उभ्या आयुष्यात कुणी चित्रकार म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो लाजून विडी ओढायला अंगणात निघून गेला असता. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला त्याचं कारवीच्या काटक्या शेणमातीने लिंपून केलेलं कुडाचं घर, घरामागे भाताचं खाचर. पावसाळ्यात खाचरात राबायचं, उन्हाळ्यात खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर माळीकाम करायचं आणि बाकीच्या वेळात बायकोची, आवडीची, बोलणी खायची, असा त्याचा संसार.

त्या फार्महाऊसवर दहिवलीच्या आसावरीबाई पाहुण्यांना माती, साल, पाला यांची चित्रं करायला शिकवायच्या. सामान गोळा करून देणं गोमाकडे. "झाड नको, घर नको," बाई सांगायच्या, "जमीन कशी पसरलीय, तेवढंच मनात आणा." गोमा आंब्याला टेकून ऐकत राहायचा. ऐकता ऐकता त्याला काय चावलं कोण जाणे, एका संध्याकाळी तो घरी येऊन स्वतःच्या भिंतीसमोर मांडी ठोकून बसला.

त्याचं पहिलं चित्र कोंबड्यांनी खाल्लं. खळीने कण्या चिकटवून त्याने पांढरी वाट केली होती, ती सकाळपर्यंत पार टिपून झाली. आवडी आठवडाभर वाडीला सांगत हसत होती. मग तो सुधारला. शेणमातीचा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यात एकेक वस्तू दाबायची. कुठे तांबडी माती, कुठे वाळकं गवत, कुठे डोंगरावरून आणलेली ऐनाची खरबरीत साल. नुसते पट्टे आणि डाग.

"यात डोंगर कुठं हाय?" आवडीने विचारलं.

"डोंगर नाय गं. उतरून आल्यावर डोळं मिटलं, की जे ऱ्हातं ना, ते हाय."

"मग डोळं मिटूनच बघते," असं म्हणून ती चुलीकडे गेली. पण जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं, आणि ते गोमाने पाहिलं.

दिवाळीचं भात घरात आलं आणि होळीनंतर खाचर गेलं. भावकीने सगळी जमीन मिळून बंगलेवाल्यांना विकली. गोमा एकटा नको म्हणत होता, पण एकट्याचं कोण ऐकतं. बघता बघता घरामागे तारेचं कुंपण आलं. त्याच सुमारास गोमाच्या छातीत पाणी झालं. कर्जतच्या दवाखान्यात चार फेऱ्या झाल्या, पण त्याचा दम काही सरळ झाला नाही. माळीकाम सुटलं. मुलगा मनोज टेंपोवर जायचा, सून वनिता वीटभट्टीवर, आणि गोमा दिवसभर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंतीपलीकडे खाचर होतं.

शेवटचं चित्र त्याने त्याच भिंतीवर केलं. रोपासाठी जमीन भाजतात तो राब. त्याची गेल्या सालची राख पोत्यात होती. तिचा काळा पट्टा खाली आला. वर बांधाची तांबडी माती, तिच्यावर पाण्यासारखा एक करडा डाग. आणि मधली ओली जागा त्याने दाण्यांनी भरली. गाडग्यात जपलेल्या बियाण्यातला एकेक दाणा अंगठ्याने दाबत, मधे मधे खोकत.

आवडी कडाडली. "बियाणं भिंतीला लावताय व्हय?"

"पेरणार कुठं?" गोमा म्हणाला. "हितं तरी ऱ्हाऊ दे."

आवडीने गाडगं उचलून त्याच्या हाताजवळ आणून ठेवलं.

जेठ सरताना गोमा गेला. पाऊस लागलेलाच होता. वाडीत गेलेल्याचे दिवस घातले, की सुतक काढायला घर सारवतात. चारी भिंती, जमीन, उंबरा. एक कोपरा जरी राहिला, तरी गेलेलं माणूस तिथेच घुटमळतं म्हणतात. गोमाची बहीण धोंडूबाई शेलूहून आली होती. बायकांनी बादल्या भरल्या, तशी आवडी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एवढी ऱ्हाऊ द्या."

धोंडूबाईने तिचा हात धरला. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. "वयनी, माझा भाऊस अडकंल गं तिथं. लई दम कोंडला त्याचा. आता तरी मोकळा जाऊ दे."

त्या भिंतीखेरीज आवडीकडे त्याचं काय उरलं होतं? एक सदरा आणि विडीची डबी. फोटोसुद्धा नव्हता. पण रात्र रात्र श्वासासाठी झगडणारा गोमा तिला आठवला आणि ती बाजूला झाली. दुसऱ्या कुणाला मात्र तिने ती भिंत सारवू दिली नाही. स्वतःच शेणमातीत हात घातला. आधी राब झाकला, मग बांध. दाण्यांवरून हात फिरताना खडबड लागली आणि ती तिथेच रडत बसली. थोड्या वेळाने आवडीने उठून उरलेलं सारवलं.

पावसाळी हवेत भिंत वाळायचं नाव घेईना. पुढच्या आठवड्यात वनिता ओरडली, "आये, भित बघा!"

सारवणातून हिरवे कोंब वर आले होते. जेवढी जागा गोमाने भरली होती, बरोबर तेवढ्याच जागेत.

"धोंडूआत्या म्हनंल, मामंजी अडकलं," वनिता घाबरून म्हणाली. "उपटू का?"

"हात लावून तर बघ!"

त्या दिवसापासून आवडी भिंतीवर पाणी शिंपडू लागली. मनोज करवादायचा, "आये, भित पडंल." ती लक्ष द्यायची नाही. घरात कुणी नसलं, की भिंतीशी भांडायची. "जायचं तर जायचं ना. माघारी कशाला आलाव?" भांडताना ती सुखात असायची.

मग पाती शेंड्याकडून पिवळी पडू लागली. आवडीचा जन्म भातात गेला होता. दाटीतली रोपं वेळेवर उपटून लावली नाहीत तर हातची जातात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन दिवस तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी कासोटा घातला, भिंतीसमोर वाकली आणि सवयीने रोपं उपटायला लागली. मुळांबरोबर सारवण आलं, सारवणाबरोबर राख आली, तांबडी माती आली, करडा डाग आला. गोमाची सगळी जमीन तिच्या पायाशी पडली. तिने मुळं बादलीत धुतली आणि रोपांची नीट मूठ बांधली.

मनोज दारात उभा होता. त्याने हळूच विचारलं, "आये, लावनार कुठं?"

लावणीची पहिली मूठ कुठे ठेवायची, हे तिने दर साली गोमालाच विचारलं होतं. आताही ती विचारायला वळली. भिंतीत कारवीच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या फटींतून पलीकडचं कुंपण दिसत होतं. मूठ हातात धरून आवडी तशीच उभी राहिली.