आधी धुऊन बघू

"आधी धुऊन बघू."

बारामतीत तुम्ही कधी एखाददुसरा टी-शर्ट छापून घेतला असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल आणि माझ्यासारखेच वैतागला असाल. तुम्ही घाईत. बाहेर गाडी चालूच ठेवलेली. छपाईच्या दुकानातले चाचा पहिला नग गरम प्रेसमधून काढणार, त्यावर तळहात ठेवून तो निवू देणार, मग वरची पारदर्शक फिल्म एका कोपऱ्यापासून अशी सावकाश सोलणार, की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा. चित्र झकास उठलेलं. तुम्ही हात पुढे करणार, आणि चाचा तो नग घेऊन मागच्या दाराने निघून जाणार. मागे एक निळी बादली, साबणाची वडी आणि एक लांबलचक तार.

"उद्या या. आधी धुऊन बघू."

मी सांगवीच्या बाजूला एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. कबड्डी शिकवतो. माझ्या आवाजाला पोरं टरकतात, मुख्याध्यापकसुद्धा जरा दबकून असतात. चाचांवर मात्र त्याचा काडीचा परिणाम व्हायचा नाही. आमची पहिली गाठ पडली तीच भांडणाने. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरला सामने आणि चाचा शर्ट द्यायला तयार नाहीत.

"अहो चाचा, सकाळी पोरं मैदानात उतरणार. वाळायची वाट कुठं बघत बसू?"

"सर, रंग पोरांच्या अंगावर उतरला तर इंदापूरची माणसं कुणाला हसतील? तुमाला न्हाय. मला."

"कुणी हसत नाही हो!"

"मग मला झोप लागणार न्हाय. ती कोण देणार?"

मी तणतणत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरं जुनेच शर्ट घालत होती, तेवढ्यात चाचा एसटीतून उतरून भलंमोठं गाठोडं छातीशी धरून चालत येताना दिसले. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "रंग पक्का हाय. वरचा एक अजून दमट हाय, तो त्या जाड्या पोराला द्या. त्याला लई उकडतं."

त्या दिवसापासून मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो नाही.

त्यांच्या धुण्यामागे कारण होतं. उभी हयात त्यांनी जाळीच्या चौकटीतून छपाई केली. एका रंगाला एक चौकट, चार रंगांना चार, शाई रबरी पट्टीने ओढायची. ढीगभर कपडे असल्याशिवाय कुणी ते काम हातात घ्यायचं नाही, आणि एका माणसाचा एक शर्ट तर कुणीच नाही. मग त्यांच्या मुलीने कॉम्प्युटर शिकून घेतला आणि हट्टाने नवं मशीन आणलं. ते फिल्मवर हवं ते छापायचं, ओल्या शाईवर गोंदाची भुकटी बसायची, ती वितळवून फिल्म कापडावर दाबली की काम झालं. एक नग असो की पन्नास, मशीनला सारखंच.

मुलगी खूश. चाचा मात्र संशयाने बघायचे. "जुनी शाई कापडात मुरायची, सर. ही वर बसती. वर बसलेल्याचा काय भरवसा?" म्हणून बादली आली, म्हणून तार आली. आणि एकेका नगासाठी माणसं यायला लागली तशी ती तार कधी रिकामी राहिली नाही.

ती तार तुम्ही बघायला हवी होती. माणसाच्या चेहऱ्याला चिमटा लावायचा नाही, असा चाचांचा नियम. म्हणून सगळे शर्ट घेराच्या बाजूने अडकवलेले आणि सगळे चेहरे उलटे. वाढदिवसाचे भाऊ गॉगल लावून उलटे, पहिल्या वाढदिवसाचं बाळ उलटं, शर्यतीचा बैल चारी पाय वर करून आणि शेजारी नवरा-नवरी डोकं खाली करून हसतायत. मी एकदा म्हणालो, "चाचा, अख्खी बारामती टांगलीत की!" ते गंभीरपणे म्हणाले, "वारं लागलं की सगळे सारखेच हलतात बघा."

एकदा सुप्याहून एक म्हातारे आले. धोतर, टोपी, खिशात बायकोचा जुना फोटो. त्यांना बनियनवर ती छापून हवी होती, पण आतल्या बाजूने.

मुलगी म्हणाली, "आजोबा, आतून कुणाला दिसणार?"

"कुणाला दावायचं हाय?" म्हातारे म्हणाले.

चाचांनी त्यांना समजावलं, की छपाई अंगाला लागेल, घाम येईल, टोचेल. म्हातारे म्हणाले, "टोचू द्या. ती बी टोचायचीच." आम्ही हसलो, म्हातारेही हसले आणि हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले. चाचांनी तो बनियन एकदा नाही, तीनदा धुतला. कातडीला लागणार, म्हणून.

आता सागरचं सांगतो. ते सांगायला जड जातं, पण चाचांचं सांगायचं तर ते टाळता येत नाही.

सागर पिंपळीचा. माझ्या संघातला चढाईचा गडी, पाठीवर सात नंबर. असा चपळ मुलगा मला पुन्हा मिळाला नाही. पावसाळ्यात एका सकाळी सरावाला येताना दुधाच्या टेम्पोने त्याच्या गाडीला उडवलं. तो जागच्या जागी गेला. खेळाच्या खोलीत त्याची पिशवी खुंटीला तशीच होती. आदल्या दिवशीचा घामेजलेला शर्ट आत. तेरावा झाल्यावर मी ती पिशवी पिंपळीला त्याच्या आईकडे पोचवली. तिने ती उघडलीही नाही, पोटाशी धरून आत गेली.

थंडीत पोरांनी ठरवलं, सागरच्या नावाने सामने घ्यायचे. सगळ्यांच्या छातीवर त्याचा फोटो. काम अर्थात चाचांकडे. मी दुकानात फोटो बघत बसलो होतो, तेव्हा सागरची आई आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला घट्ट गाठ. तिने ती गाठ बराच वेळ सोडवली आणि आतून सागरचा लाल शर्ट काढला. पाठीवरचा सात बाजारातल्या तयार शर्टांवर असतो तसा, रबरी कागद कापून चिकटवलेला, कडेने सुटायला लागलेला.

"चाचा, पोरं म्हणत्यात मैदानावर खुर्चीत ह्यो शर्ट ठेवायचा. चारचौघांत असा निघालेला नंबर बरा दिसत न्हाय. तेवढा नीट करून द्या."

चाचांनी शर्ट दोन्ही हातांनी घेतला. "नवा करून देतो, ताई. उद्या या. काळजी करू नका."

ती गेली. रस्त्यावरून दोनदा वळून बघितलं तिने. मला वाटलं, फोटोकडे बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी पोरांचे शर्ट न्यायला गेलो, तेव्हा ती आधीच येऊन बसलेली. चाचांनी घडी घातलेला लाल शर्ट तिच्यापुढे ठेवला. सात नंबर नवाकोरा, पांढराशुभ्र. चाचांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बघा ताई. ब्रश न्हाय लावला, हातानं धुतला. काखेत घामाचे डाग होते, ते बी निघाले. तेलकटपणा असला की गोंद धरत न्हाय ना."

तिने शर्ट उचलून तोंडाशी नेला आणि तशीच थांबली. मग उलगडून काखेची बाजू नाकाला लावली. मग गळ्याची.

"धुतला?" ती म्हणाली.

"व्हय ताई."

ती शर्टाकडे बघत हळू आवाजात बोलत राहिली. "बायांनी घरातलं सगळं धुतलं व्हतं, चाचा. सुतक फिटायच्या दिशी. गोधड्या, चादरी, त्याची कापडं, सगळं नेलं कॅनॉलवर. मला कुणी इचारलं न्हाय. ही पिशवी शाळेत व्हती म्हणून ऱ्हायली. ह्यात वास व्हता त्याचा."

शर्टाची घडी घालून तिने तो परत पिशवीत ठेवला. या वेळी गाठ मारली नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "नंबर चांगला झालाय."

चाचा खाली बसले. स्टूल शेजारी होतं, तरी जमिनीवर बसले. "सर, मी काय करून बसलो हे?" मुलीने प्रेसचं बटण बंद केलं आणि बापाशेजारी येऊन बसली.

सामने झाले. खुर्चीत लाल शर्ट ठेवला होता, लोक त्याला हार घालत होते. चाचा आले नाहीत.

त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. नवा शर्ट असो की जुना, गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "हे धुतलं तर चालंल ना तुमाला?" लोक हसायचे. न चालायला काय झालं? पण चाचा त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघायचे. कुणी म्हातारं माणूस जुना कपडा घेऊन आलं, तर हात लावायच्या आधी विचारायचे, "कुणाचा हाय हा?"

चाचा आता नाहीत. गेल्या रमजानच्या आधी छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत संपलं. मातीला आमचा अख्खा संघ गेला होता. दुकान मुलगी चालवते, काम चोख असतं. मी अजूनही तिथेच जातो. पण चाचा म्हटलं की मला ते दुकानात दिसत नाहीत. मला ते पिंपळीत सागरच्या घरच्या ओसरीवर बसलेले दिसतात.

झालं असं, की सामन्यांनंतर काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "सर, मला पिंपळीला न्या. एकट्यानं पाय उचलत न्हाय." मी गाडीवर मागे बसवून नेलं. वाटेत ते पुटपुटत होते. तिच्यापुढे काय बोलायचं, त्याची जुळवाजुळव चालली होती.

सागरचे वडील शेतात होते. आईने सतरंजी टाकली, चहा दिला. भिंतीवर सागरचा हार घातलेला फोटो, खाली खिळ्याला तो लाल शर्ट. चाचांनी तिकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला. चहाला हात लावला नाही. जुळवलेलं सगळं विसरले.

"ताई, माफी मागायला आलोय. पण कुठल्या तोंडानं मागू? पोराचं तेवढंच राहिलं होतं, ते मी बादलीत घालवलं." आणि ते रडायला लागले. पिकल्या दाढीचा माणूस परक्या घरात हुंदके देऊन रडत होता. मला बघवेना.

ती उठून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आत ती बराच वेळ काहीतरी करत होती. मग बाहेर आली ती एक उशी घेऊन.

"चाचा, ह्ये बघा. ही सागरची उशी. बायांच्या नजरेतनं ही सुटली व्हती, माझ्या बी ध्यानात नव्हती. ह्यात हाय अजून वास. तुमी जीवाला लावून घेऊ नका."

उशीच्या अभ्र्यावर घडीच्या रेघा होत्या, धुतलेला अभ्रा आत्ताच चढवल्यासारख्या. साबणाचा वास मला माझ्या जागेवर बसून येत होता. मी फटकळ माणूस, पण त्या वेळी जीभ दाताखाली धरली. आणि चाचांचे हात तर रोज साबणाच्या बादलीत. मी तोंडाने बोललो नाही, ते त्यांना अभ्र्याला हात लावताच कळलं असणार.

त्यांनी उशी दोन्ही हातांनी घेतली. तोंड खुपसलं. बराच वेळ वर बघितलंच नाही. पदराचं टोक धरून ती त्यांच्याकडे बघत उभी होती.

"हाय," चाचा म्हणाले. "हाय, ताई. हाय अजून."

तिचा चेहरा हलला.

"व्हय?" तिने विचारलं. "खरंच येतोय?"

चाचांनी मान हलवली. ती खाली बसली, त्यांच्या हातातून उशी जवळजवळ ओढून घेतली आणि तोंड तिच्यात दाबलं.

आम्ही उठलो. चपला घातल्या. "येतो, ताई," चाचा म्हणाले, मीही म्हणालो. तिने तोंड वर केलं नाही.