माळकरी मरळ

माझं माहेर पैनगंगेच्या काठावर, उमरखेडच्या खालच्या अंगाला. शेती होती कापसाची आणि ज्वारीची, पण ताटात काय येणार ते नदी ठरवायची. आई म्हणायची की प्रत्येक मासोळीचा स्वभाव वेगळा, तो ओळखल्याशिवाय चुलीवर तवा ठेवू नये. वाम सापासारखी लांब आणि बुळबुळीत. ती हाताला राख लावून धरायची, सोलायची आणि जवसाच्या तेलात तळायची. रोहू पुरानंतर यायचा, तो घरात आला की सण झाल्यासारखं वाटायचं आणि डोकं वडिलांच्या ताटात जायचं. बारीक मासळी अख्खीच अंबाडीच्या पाल्यात शिजवायची, म्हणजे काटेसुद्धा मऊ पडतात. आणि मरळ मात्र रस्स्याचीच. काटे कमी, मांस घट्ट. बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा, हे आमच्याकडे ठरलेलंच होतं.

एवढं खाऊनपिऊन वाढलेली मी पडले माळकऱ्याच्या घरात.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं. सासर नदीपासून लांब, काळ्या जमिनीतलं. गावाच्या नाल्याला दिवाळीपर्यंत पाणी, पुढं नुसते गोटे. घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे आणि सासूबाई. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी गळ्यात तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून मासोळी-मटण कुंपणाच्या बाहेर. आमचे हे बाहेर कुठं खायचे आणि सुपारी चघळत घरी यायचे. सासूबाईंना सगळं कळायचं, पण त्या विचारायच्या नाहीत. मला मात्र बाहेर जायला जागा नव्हती. पहिल्या वर्षी मला आईबापांपेक्षा मासोळीची आठवण जास्त यायची, हे सांगायला आता कसली लाज?

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी माहेरी गेले आणि हे मला परत न्यायला आले. नदीचं पाणी कडेच्या खड्ड्यांत भरलेलं होतं. तिथं ह्यांना पाण्यावर एक लालभडक पुंजका दिसला. शेकडो इवल्या मासोळ्या एकमेकींना चिकटून फिरत होत्या. हे मॅट्रिकपर्यंत नागपुरात शिकलेले. तिथं एका वकिलाच्या बैठकीत काचेच्या पेटीत लाल मासोळ्या पाहिल्या होत्या, तेव्हापासून तशा आपल्याही घरी असाव्यात असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी उपरण्यानं त्यातल्या मूठभर गाळून लोट्यात घेतल्या आणि धावत माझ्याकडे आले.

"पाह्य, पाह्य! सोन्याच्या मासोळ्या! नागपुरात ह्यायच्यासाठी पैसे मोजा लागतात."

आमच्या नदीकाठी शेंबडं पोरही सांगेल की तो लाल पुंजका म्हणजे मरळीची पिल्लं. खाली आईबाप राखणीला असतात, आणि पिल्लं संगं असताना भोई मरळीवर जाळं टाकत नाही. पण लग्नाला चारच महिने झालेले, आणि नवरा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असा पोरासारखा हसत होता. मी म्हटलं, "लय सुंदर हायत."

गावात आल्यावर दुकानदाराकडून गोळ्यांची काचेची बरणी आणली गेली. ती ओसरीतल्या कोनाड्यात बसली. अख्खं गाव पाहून गेलं. एका म्हातारीनं तर बरणीला हळदकुंकू वाहिलं. हे बाजेवर बसून लोकांना नागपूरच्या वकिलाची पेटी किती मोठी होती ते सांगत.

पोळ्यापर्यंत सोनं उतरायला लागलं. लाल रंग फिका झाला, मग मळकट, मग काळपट. आणि मासोळ्या कमी होऊ लागल्या. ह्यांचा संशय मांजरावर. बरणीवर जाळी बांधली, जाळीवर दगड ठेवला, तरी रोज एखादी कमीच. शेवटी एक उरली. काळी, पट्ट्यापट्ट्यांची, पोट तट्ट फुगलेली. सासूबाई कधी कोनाड्याकडे फिरकत नसत, त्या दिवशी जवळ गेल्या, वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अरे बाप्पा, मांजर बरणीतच हाय! हे तं मरळ होय."

ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग ते माझ्याकडे वळले, "तुह्या माहेरची नदी, तुले माहीत नव्हतं?" मी चुलीतलं लाकूड सारायला गेले.

ती मरळ सासूबाईंच्या सांगण्यावरून परसातल्या विहिरीत गेली. आमच्याकडे तशी रीतच आहे. विहिरीत एखादी मासोळी नाहीतर कासव सोडतात, ते पाण्यातले किडे खातं आणि पाणी निवळ राहतं. आणि एकदा विहिरीत सोडलेली मासोळी ही घरची. गोठ्यातल्या गाईसारखी. तिला कोणी धरत नाही, खाणारी माणसंसुद्धा नाहीत.

हे मात्र हरले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी मला विचारून बारीक मासळी आणली. काही पट्टेवाल्या, काही काचेसारख्या. ह्या काचेसारख्या मासोळीच्या अंगातून आरपार दिसतं, आतला काटान् काटा मोजून घ्यावा. बरणीत त्या खरंच देखण्या दिसायच्या. दिव्याजवळ बरणी ठेवली की मीही काम सोडून पाहत बसे. उन्हाळ्यात बरणीतलं पाणी तापू लागलं तेव्हा त्याही विहिरीत गेल्या, आणि तिथं त्यांचा संसार वाढला.

आता सासूबाईंचं सांगते. त्या कमी बोलणाऱ्या. पण मरळ विहिरीत गेल्यापासून त्यांना रोज सकाळी विहिरीवर काम निघू लागलं. हातात शिळ्या भाकरीचा चुरा. काठाच्या दगडावर लोटा ठोकायचा आणि हाक मारायची, "ये वं बाई, ये." खाली पाण्यावर चुरा पडला की थोड्या वेळानं मरळ वर यायची, तोंड उघडायची आणि खाली जायची. मरळीला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते, पण सासूबाई म्हणत की ती राम राम करते.

"आमच्या घरी येऊन थे माळकरी झाली," त्या शेजारणींना सांगत. "भाकर खाते. दुसरं काही तोंडाले लावत नाही."

मरळ आणि भाकर खाते! नदीकाठी कोणी ऐकलं असतं तर हसून हसून मेलं असतं. मी एक-दोनदा वाकून पाहिलं होतं. भाकरीवर बारीक मासळी जमायची, आणि मरळ त्या मासळीवर. पण मी हे मनातच ठेवलं. ह्यांना सोन्याच्या मासोळ्या लाभल्या होत्या, सासूबाईंना माळकरी मरळ. माझ्या बापाचं काय जात होतं? गावातली माणसं मात्र गंमत करायची. कोणी विचारायचं, "काय आजी, मरळीले एकादशी कवा?" सासूबाई शांतपणे सांगत, "निर्जळी नाही जमत तिले. बाकी करते."

दोन पावसाळे गेले. मरळ माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी झाली. आणि मला दिवस गेले.

आई त्याच वर्षी वारली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. ऐन वैशाख होता. मुलगा झाला. आणि लगेच मला ताप भरला. ताप उतरला, पण मी उठेना. डोकं उचललं की घर फिरायचं. मुख्य म्हणजे दूध आटलं. होतं तेवढंही गेलं. बाळाला कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून चोखवायचे, ते उलटून टाकायचं. आधी ते मोठ्यानं रडायचं, मग रडणं बारीक झालं. त्या बारीक रडण्याची भीती मला अजून वाटते. उमरखेडचा डॉक्टर येऊन गेला, औषध दिलं, बाईच्या पोटात सकस काही जाऊ द्या म्हणाला. सुईणीनं तेच तिच्या भाषेत सांगितलं, "मरळीचा रस्सा द्या. दूध येईन."

हे सायकलवर नदीकडे गेले. नदीत डोह उरलेले, आणि डोह भोयांनी केव्हाच उपसलेले. बाजारात सुकलेले झिंगे तेवढे मिळाले. हे रिकाम्या हातानं परत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि परसाच्या दारात उभे राहिले. त्यांची नजर कुठं गेली ते मी बाजेवरून पाहिलं. आणि खरं सांगू? माझ्या मनात तीच होती, कालपासून तीच होती. माझं लेकरू माझ्या कुशीत सुकत होतं आणि वीस पावलांवर विहिरीत मरळ होती. सासूबाईंच्या तोंडाकडे पाहायची मला हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विहिरीवर जायचं टाळलं. बराच वेळ देवाजवळ बसल्या. उठून बाहेर आल्या तेव्हा गळा मोकळा होता. मला आधी कळेना की काय चुकल्यासारखं दिसतंय. मग देव्हाऱ्यात माळ दिसली.

"टोपली घे," त्या ह्यांना म्हणाल्या. "तळाले गोटा ठेव, म्हणजे बुडते. दोर तीन अंगानं बांध."

"माय, कायले..."

"बांध म्हणते ना."

परसाचं दार उघडंच होतं. मी बाजेवर पडून सगळं ऐकत होते.

"चुरा टोपलीतच टाक, बाहीर नको. सोड खाली. आता हालू नको. बारीक मासळी टोपलीत जमू दे. थे जमली का मरळ तिच्यावर येते. आली का एकदम ओढजो, हळू ओढशीन तं उडी मारते."

मी डोळे मिटले. दोन वर्षं रोज सकाळी चुरा टाकणाऱ्या ह्या बाईला सगळं ठाऊक होतं. मरळ काय खाते, कशी खाते, केव्हा येते. माळ घालायच्या आधी त्यांनीही खाल्लीच होती की. आम्ही त्यांना भोळ्या समजून मनात हसत होतो, आणि त्या सगळं समजून-उमजून तिला माळकरी म्हणत होत्या. लाडानं.

मग दगडावर लोटा ठोकल्याचा आवाज आला.

"ये वं बाई, ये."

थोडा वेळ काहीच नाही. मग दोर सर्रकन वर आल्याचा आवाज, टोपलीतली धडपड आणि ह्यांचं जोरानं श्वास टाकणं.

धडपड ऐकून आलेली शेजारीण म्हणाली, "आजी, द्या इकडं, मी करून आणते." सासूबाईंनी मरळ दिली नाही. परसात तीन गोटे मांडून चूल केली, गाडगं नवं घेतलं. हाताला राख लावून मासोळी धरली. कापताना त्यांचं तोंड असं झालं होतं की ह्यांनी मान फिरवली. मग वाटण वाटलं. खोबरं, खसखस, लसूण आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. वाटणाचा वास आला आणि मला आई आठवली. मी रडायला लागले.

वाटी घेऊन त्या माझ्याजवळ बसल्या.

"खाय."

"आत्याबाई, माह्यानं नाही..."

"खाय म्हणते ना. माळकरी नव्हती थे. खाय."

मी खाल्लं. आणि फार चवदार झालं होतं. रडता रडता मी वाटी चाटूनपुसून संपवली आणि आणखी मागितलं. त्यांनी दिलं. एवढ्या वर्षांनी हात लावूनही मिठाचा खडा कमी-जास्त झाला नव्हता.

चार दिवस तोच रस्सा पुरवून दिला. मग मला उठून बसता आलं आणि दूधही आलं. रस्स्यानं आलं की ताप गेला म्हणून आलं, ते मी ठरवत बसत नाही. बाळ पुन्हा मोठ्यानं रडायला लागलं. त्या रडण्यानं रात्रीची झोपमोड झाली की आम्ही तिघंही हसायचो.

सासूबाईंनी त्यानंतर मासोळी कधी तोंडाला लावली नाही. पण माळही परत गळ्यात घातली नाही. ती देव्हाऱ्यातच राहिली. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की लेकरासाठी केलं, त्याला दोष नाही, घाला. त्या नुसती मान हलवत. सकाळी चुरा घेऊन विहिरीवर जाणं मात्र चालू होतं. बारीक मासळी आता निवांत खायची. त्या चुरा टाकत, पण लोटा ठोकत नसत.

पोरगा शाळेत जायला लागला त्या वर्षी, एकदा आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो असताना, मी विचारलं.

"आत्याबाई, आता तरी घाला ना माळ. काहून घालत नाही?"

त्यांचे हात थांबले नाहीत.

"कापली म्हणून नाही वं. कापा लागली, कापली. आखीन वेळ आली तं आखीन कापीन."

"मंग?"

"मी हाक मारली," त्या म्हणाल्या, "आन् थे आली."

"थे तं बारीक मासळीसाठी आली. तुमीच सांगतलं होतं तसं."

"हो," त्या म्हणाल्या. "मासळीसाठीच आली. पर हाक तं मी रोजचीच मारली ना." आणि सोललेल्या दाण्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं.